भर दुपारची चुडैल

भुताला कोणी पोरगी देत नाही, हे लटारूला तिशी गाठता गाठता चांगलंच कळून चुकलं होतं. तसा तो सावली गावाकडच्या एका खेड्यातला, धानाची शेती करणारा साधा माणूस. ना दारूचा नाद, ना कोणाशी भांडण. पण दिवाळी सरली, की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडारी नाचायच्या, आणि गावातल्या मुखरूच्या दंडारीत चुडैलीचं सोंग लटारूचं. ते त्यानं इतका जीव ओतून केलं, की आसपासची गावं त्याला चुडैल म्हणूनच ओळखू लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे. लटारू मात्र एकट्यानं चूल फुंकत ते मोल चुकवत होता.

दंडार म्हणजे नाच, गाणं आणि सोंगं, सगळं उघड्यावर. मंडईत तर भर दुपारी. आता दुपारच्या उन्हात लोकांना भुताची भीती घालायची म्हणजे काय गंमत आहे? पडदा नाही, दिवे नाहीत, अंधारही नाही. सामान म्हणाल तर मुखरूची बायको रुखमाबाई हिचं जुनं लुगडं, अंबाडीचे केस आणि वाळक्या भोपळ्याचा मुखवटा. पण चुडैलीचे पाय उलटे असतात, हे लटारूनं बरोबर हेरलं होतं. मुखवटा तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, लुगडं उलटं नेसायचा, स्वतःच्या तोंडाला काजळी फासून त्यावर केस सोडायचा आणि पाठीच्या दिशेनं चालत लोकांच्या अंगावर यायचा. रोवणीत धान लावताना जन्मभर मागे मागेच सरकायचं, त्यामुळे ती चाल त्याच्या पायांत मुरलेली. पाहणाऱ्याला तोंडही आपल्याकडे आणि टाचाही आपल्याकडे दिसत. शहाणीसुरती माणसं दचकत, मग दचकलो म्हणून स्वतःलाच हसत.

हसून झालं, की पोरींचे बाप मात्र उठून जात. "भुताच्या घरी पोरगी धाडू का?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं. लटारूनं ते हसण्यावारी नेलं, पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. शेतातून आल्यावर 'आज उशीर झाला' म्हणणारं माणूस त्याला घरात हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

त्या वर्षी रुखमाबाईनं कंबर कसली. तिचा भाऊ रामाजी चामोर्शीकडून नदी ओलांडून मंडईला येणार होता. सोबत त्याची लग्नाची पोरगी, सुगंधा. पाहुण्यांनी मंडईला यायचं आणि येताजाता सोयरिकी जुळवायच्या, ही तिकडची रीतच. रुखमाबाईनं लटारूला बजावलं, "लटारूभाऊ, औंदा चुडैल नाई. तू राजा हो. माह्या भावाले राजा दिसला पाह्यजे."

मुखरूलाही पटलं. चुडैल दंडारीतल्याच दसरूकडे गेली.

मंडईच्या दुपारी बेगडी मुकुट घालून लटारू मागून आणलेल्या खुर्चीवर बसला. समोरच रामाजी, मिशीला पीळ देत. राजा त्याच्या मनात भरला होता, हे लांबूनही दिसत होतं. बायकांच्या घोळक्यात सुगंधा होती. मग दसरू आला, तो सरळ तोंडानंच चालत. मागे चालताना दोनदा आपटल्यावर त्यानं तो नादच सोडला होता. एका म्हाताऱ्यानं चुडैलीला विडी मागितली, आणि चुडैलीनं कानामागची काढून दिली. झालं. लोक उठायला लागले. पलीकडे शेजारच्या गावची दंडार रंगात आली होती, तिकडे सरकू लागले. मुखरू ढोलकी बडवत राहिला, पण त्याचं तोंड पार उतरलं.

लटारूला फक्त बसून राहायचं होतं. रामाजी खूश होता, काम फत्ते होतं. पण आईबाप गेल्यावर ज्या मुखरूनं त्याला आपल्या ताटाशेजारी बसवलं, त्याची दंडार सगळ्या मंडईसमोर अशी उठून जावी, हे त्याला बघवेना. त्यानं मुकुट खुर्चीवर ठेवला, दसरूला मागे ओढलं आणि घटकाभरात चुडैल होऊन आला.

पहिली किंकाळी ऐकून गेलेले लोक मागे वळले. चुडैल उलट्या पायांनी सरकत आली, तशा पुढच्या रांगा ओरडत, हसत एकमेकांच्या अंगावर पडल्या. शेजारची दंडार ओस पडली. लटारूच्या अंगात आनंद मावेना, आणि तिथेच घात झाला. मागे सरकता सरकता त्याला जागेचं भान राहिलं नाही आणि तो थेट रामाजीच्या मांडीवर बसला. रामाजी जो उठला तो मुरमुऱ्यांच्या टोपलीत पाय घालून, धोतराचा सोगा धरून मारुतीच्या देवळात जाऊन थांबला. लोकांनी हसून हसून पोटं धरली. दंडार तरली, सोयरीक बुडाली, असं लटारूनं मनाशी धरलं.

मुखरूच्या अंगणात तो माफी मागायला गेला, तेव्हा तोंड धुण्याचंही त्याला सुचलं नव्हतं. रामाजी घुश्शात बसला होता.

"भर मंडईत माह्या मांडीवर बसला हा," तो बहिणीला म्हणाला. "याले पोरगी देऊ का मी?"

बोलली ती सुगंधा, दाराच्या चौकटीला टेकून, खाली बघत.

"बा, ताईले पाहाले आला तो राजावाणीच आला होता. कोट घालून, गोड बोलून. त्याच्यातलं भूत लग्नानंतर निघालं."

रामाजीची मान खाली गेली. थोरली दोनदा अंगावर वळ घेऊन माहेरी आली होती, आणि ते स्थळ त्यानंच पसंत केलं होतं.

"यानं भूत आंधीच दाखवून टाकलं," सुगंधा म्हणाली. "आता आतून माणूस निघाला, तं आपला नफाच आहे."

मुखरूनं हसू दाबलं. लटारूला हसू येईना. रामाजी बराच वेळ मुरमुरे झटकत राहिला, झटकायला काही उरलं नव्हतं तरी.

मग तो म्हणाला, "रुखमे, जावयाच्या तोंडाले काळं लागून आहे. पाणी दे त्याले."

पाणी आणायला सुगंधाच उठली.