गादी, खुर्ची आणि काडेपेटी

मंगरूळपीरच्या बाजारपेठेत माझ्या काकांचे कापडाचे दुकान होते, आणि त्या दुकानाच्या गादीत ढेकूण सोडणारा इसम मी होतो. हे एक वाक्य लिहिण्यासाठी मला पन्नाशी ओलांडावी लागली. इतरांच्या तरुणपणीच्या अपराधांना निदान काही भारदस्तपणा असतो. माझा अपराध असा, की तो ऐकणाऱ्याला आधी हसू येते आणि मग तो नकळत आपली मांडी खाजवू लागतो. पण त्या हसण्याखाली एका सज्जन माणसाचा अपमान दडलेला आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

त्या काळी दुकान म्हणजे गादी. दोन पायऱ्या चढून ओटा, ओट्याला फळ्यांचे दार, आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरी चादर आणि मागे ओळीने लोड. गिऱ्हाईक जोडे काढून वर येई, मांडी घालून बसे, पाणी पिई, पान खाई, कपाशीचे आणि सोयरीकसंबंधांचे बोले. धोतरजोडीचा विषय यथावकाश निघे. न निघाला तरी काकांना त्याचे वैषम्य वाटत नसे. सगळ्यांनाच गादीवर जागा होती असे मात्र नाही. काहींची धाव पायरीपर्यंतच असे, आणि पायरीवरचा माणूस पायरीवर का, हे विचारण्याची रीत नव्हती. कोण कुठे बसतो यावरून पेठ माणसाची पत ठरवीत असे.

कोपऱ्यातला लोड आबाजींचा. आबाजी इंझोरीकडचे शेतकरी. आमचे त्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते, पण काकांनी मुलींची लग्ने त्यांना विचारल्याशिवाय ठरवली नाहीत. बाजाराच्या दिवशी ते सकाळी त्या लोडाला टेकत ते उन्हे उतरल्यावर उठत. दोन भावांतला बांधाचा तंटा असो की रुसून माहेरी बसलेली सून असो, लोक तो घेऊन आमच्या गादीशी येत, आणि आबाजी डोळे मिटून ऐकत. त्या कोपऱ्यात बसणे हीच त्यांची अब्रू होती. हे मला तेव्हा कळत नव्हते, असे म्हणून मी सुटू शकत नाही. मला ते कळत होते.

मग समोर बँक आली. ती इमारत मूळची तेलाच्या दुकानाची. भिंतींना चुना दिला, फरशी सोड्याने घासली, तरी उन्हाळा लागला की भिंतीतून जुने तेल पाझरे आणि तिला टेकणाऱ्या कारकुनाच्या सदऱ्यावर नकाशा उमटे. लोक तिला ‘तेलाची ब्यांक’च म्हणत. परंतु आत काय थाट! सागवानी काउंटर, त्याला पितळी कड, भिंतीवर घड्याळ आणि मांडून ठेवलेल्या वेताच्या खुर्च्या.

उघडण्याच्या दिवशी पेठ आत लोटली. सर्वांनी रीतीप्रमाणे जोडे बाहेर काढले, ते पाहून मॅनेजरसाहेब घाबरे होऊन म्हणाले, “घाला, घाला, जोडे घाला!” त्यामुळे आत काही अपशकुन झाला असावा असे वाटून निम्मे लोक परत फिरले. आबाजींनी शांतपणे सगळीकडे नजर फिरवली. धन्याच्या समोरची, स्वच्छ आणि उंच अशी बैठक त्यांना एकच दिसली. ते खुर्चीवर पाय देऊन काउंटरवर चढले, मांडी घातली आणि मॅनेजरकडे वळून म्हणाले, “बसा ना जी तुमीबी. उभे कायले राह्यले?”

मॅनेजर परप्रांतातले. ते काही न सुचून खरोखरच आपल्या स्टुलावर बसले. आबाजींनी पिकापाण्याची चौकशी केली, साहेबांना किती लेकरे ते विचारले आणि निघताना काउंटरवर हात फिरवून म्हणाले, “बैठक बरी हाय. निस्ती गादी टाका अन् मांगून लोड द्या.”

पेठ हसली, मीही हसलो. पण मला आबाजींची नव्हे, आपल्या दुकानाची लाज वाटू लागली. मी नुकताच अकोल्याहून मॅट्रिक होऊन आलो होतो आणि मला ती गादी गावंढळ दिसू लागली. मी काकांपुढे काउंटरचा आणि खुर्च्यांचा विषय काढला. वर असेही म्हणालो, की खुर्चीवर कोणीही बसू शकतो, पायरी आणि गादी हा भेद राहत नाही. विचार चांगला होता. मात्र तो मी पायरीवरच्यांसाठी बोललो नव्हतो, हे आज मान्य केले पाहिजे. मला फक्त बँकेसारखे दिसायचे होते.

काका म्हणाले, “खुर्चीवर बसला मानूस कवा उठीन, याचाच इचार करते. गादीवर बसला का थो आपला व्हते. तुले काहून टोचून राह्यली रे गादी?”

टोचत नव्हती. म्हणून टोचेल अशी व्यवस्था मी करायचे ठरवले.

पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही कापडाच्या दुकानाचे पाल लावत असू. त्या वर्षी मुक्कामाला मिळालेल्या बाजेवर ढेकणांची वस्ती इतकी दाट होती, की मी रात्रभर बसून काढली. आणि त्या बसण्यातच युक्ती सुचली. उजाडताच मी काडेपेटी रिकामी केली आणि निवडक मंडळी तिच्यात भरली. परतताना गाडीवानाने विडी काढली आणि मागे हात केला.

“काडेपेटी द्या, भाऊ.”

“नाही.”

“खिशातून दिसून राह्यली नं.”

“रिकामी आहे.”

“रिकामी पेटी कायले बायगता?”

मी पेटी खिशात आणखी खोल दाबली. त्याने बैलांना उद्देशून म्हटले, “शिकले म्हंजे अशे होतेत,” आणि विडी तशीच कानावर ठेवली.

दुकान उघडण्याआधी मी ती पेटी गादीवरच्या एका लोडात रिती केली. कोपऱ्यातल्या लोडाची शिवण थोडी उसवली होती, तेवढ्याच सोयीसाठी मी तो लोड निवडला. तो कोणाचा आहे याचा विचार मनात येऊन गेला. मी त्याला जाऊ दिले.

पुढचे दोन-तीन बाजार आमच्या गादीवर एक नवाच प्रकार दिसू लागला. गिऱ्हाईक गंभीरपणे भाव करता करता एकदम उसळी मारी. काकांना वाटे, भाव जास्त सांगितला गेला. ते घाईने कमी करीत. एका वरपित्याने अशा तीन उसळ्यांत अख्खा बस्ता पडत्या भावात नेला. शेवटी काकांनाच मानेवर चावा बसला आणि चादर उलटली गेली. आमच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणारा शिंपी मोठा बोलका. त्याने एकेक लोड पाहिला आणि निकाल दिला, “आबाजीच्या लोडात जास्त हायेत, मालक. तठूनच निंगाले. मानूस मोठा, पन घोंगडं कोन पाह्यलं त्याचं?”

संध्याकाळपर्यंत हे पेठभर झाले. इंझोरीकडचा माणूस दिसला, की लोक हसून अंग खाजवीत.

काका भिडस्त. त्यांनी आबाजींना शब्दाने काही म्हटले नाही. त्यांनी त्याहून वाईट केले. पुढच्या बाजाराला गादीच्या अलीकडे, दाराशी, एक नवे तरट अंथरले. आबाजी आले, जोडे काढले, आणि पायरीवरच थांबले. गादीकडे पाहिले, तरटाकडे पाहिले. शिंप्याची मशीन थांबली होती. मी कापड मोजायचा गज हातात धरून उभा होतो. “ढेकूण माझे आहेत” एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी कापडाचा एक ताका उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

आबाजींनी जोडे परत पायांत घातले. “येतो,” म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत.

गादी जाळली. माझी इच्छा पूर्ण झाली: काउंटर आला, बँकेसारख्याच वेताच्या खुर्च्या आल्या. गिऱ्हाइके त्यांवर पाय वर घेऊन उकिडवी बसत आणि वेत फाटून मध्येच अडकत. एका जाडजूड देशमुखांना सोडवायला आम्हा तिघांना झटावे लागले. त्या अवस्थेत त्यांनी काही खरेदी केली नाही. शिवाय काही ढेकूण आगीतून वाचले असावेत, आणि त्यांना वेताची खुर्ची गादीपेक्षा अधिक मानवली. काका दर आठवड्याला खुर्च्या ओट्यावर उलट्या करून उकळते पाणी ओतीत आणि म्हणत, “ब्यांकेसारखं दुकान पाह्यजे होतं नं तुले? घे, ओत.” पुढे युद्ध आले. मी हौसेने काचेची कपाटे करवली, तोवर कापडावर सरकारी नियंत्रण बसले. काचेतून लांबूनही स्पष्ट दिसे, की आत काही नाही.

या साऱ्या काळात आबाजी बाजाराला येत, पण कोणाच्याही दुकानात बसत नसत. रस्त्यावर निंबाखाली काठी टेकून उभे राहत. तंटे घेऊन येणारे हळूहळू कमी झाले. उभ्या माणसासमोर सुनेचे गाऱ्हाणे किती वेळ सांगणार? काका वारले, त्यांना खरे कळले नाही. मी दर वर्षी इंझोरीला जायचे ठरवी आणि दर वर्षी मला काहीतरी काम निघे.

गेल्या पौषात बाजाराच्या दिवशी मी बँकेत गेलो. तिथेही सर्व बदलले आहे. काउंटरवर आता लोखंडी जाळी आहे, त्यामुळे कोणाला त्यावर चढता येत नाही. खुर्च्या जाऊन भिंतीशी बाके आली आहेत. तेल मात्र अजून पाझरते. आबाजी आत आले. पार वाकले होते. बाकावरची दोन माणसे त्यांच्यासाठी उठली.

“बसा, आबाजी.”

“नाई बाप्पा. उभाच बरा. लोकायची बैठक खराब होते.”

ते कडवटपणे म्हणाले असते, तर मी कदाचित तेव्हाही गप्प राहिलो असतो. ते सवयीने म्हणाले.

मी जवळ गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ मनातच, सर्व सांगितले. आबाजींनी कानामागे हात धरला.

“आयकू नाई येत. जोरानं बोला.”

मी थोड्या जोराने सांगितले. मान हलली नाही. जाळीमागचा कारकून म्हणाला, “शेटजी, वरडा! त्यायले वरडल्याशिवाय समजत नाई.”

मी आयुष्यात मोठ्याने बोललो नव्हतो. घरात भाजी खारट झाली तरी मी ते पाणी मागून सुचवतो. मी डोळे मिटले आणि ओरडलो, “ते ढेकणं माह्ये होते! मी पोहरादेवीहून आनले! तुमच्या लोडात मी सोडले!”

कोणीतरी फसकन हसले आणि थांबले. आबाजींनी कानामागचा हात खाली घेतला.

“तुमी?”

“मी.”

“तुमच्या काकाले मालूम होतं?”

“नाही.”

“मंग मी एवढे सालं उभा कायले राह्यलो?”

त्यांनी काठीने बाकांकडे, दाराकडे, दारात जमलेल्या पेठेकडे दाखवले.

“मले सांगतलं, आता त्यायले सांगा. त्यायनंच तं अंग खाजवलं होतं.”

मी वळलो. समोर शिंप्याचा मुलगा होता, निम्मी बाजारपेठ होती. आवाज एकदा सापडला होता.

“आबाजीच्या अंगावर कधी ढेकूण नव्हता,” मी ओरडून म्हणालो. “चूक माही हाय, अन् गप्प राह्यलो हे त्याहून मोठी चूक. आबाजी, तुमच्यापुढे अन् या साऱ्यायपुढे हात जोडतो. मले माफ करा.”