आठ दिवस वाट पाहावी

माझ्या थोरल्या बहिणीला शाळेतली पोरं पाठीमागे 'विषयबाई' म्हणतात. ती त्यांना ईमेल लिहायला शिकवते, आणि विषयाची ओळ रिकामी दिसली की तिचा जीव कासावीस होतो. घरीही तेच. भाऊजी सकाळी "अगं, ऐक ना" म्हणाले की ताई विचारते, "विषय?" सव्वीस वर्षं संसार झाला, बिचारे अजून तोंड उघडण्याआधी मनात मसुदा करतात.

तिचे नियम पोरांच्या अंगात भिनलेत. आधी नमस्कार. एका ईमेलमध्ये एकच मागणं. रडगाणं नको. ज्याच्याबद्दल लिहिता, त्याला प्रत पाठवा. खाली पूर्ण नाव. आणि उत्तर आलं नाही, तर आठ दिवस वाट पाहून मगच आठवण करा. समोरच्यालाही घरदार असतं.

यंदा शाळेच्या संचालकांच्या डोक्यात आलं, की हा तास हवाच कशाला? पत्रं आता यंत्रच लिहून देतं. गुरुवारच्या बैठकीत निकाल लागायचा होता. ताईची नोकरी म्हणजे हा एवढाच तास.

आधीच्या शुक्रवारी सहावीच्या वर्गानं संचालकांना ईमेल धाडला. बैठकीचा पोरांना पत्ता नव्हता, तास बंद होणार एवढी कुणकुण होती. नियमाप्रमाणे ताईला प्रत आली. तिनं मला दाखवली. विषय: 'ईमेलचा तास चालू ठेवण्याबाबत विनंती'. मजकूर पाच ओळींचा. त्यातली एक: 'आमच्या बाई रागावतात, पण का रागावल्या ते नंतर समजावून सांगतात.'

"छान लिहिलंय गं," मी म्हणालो.

"तिसऱ्या ओळीत एक जागा जास्त सुटलीये," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. संचालकांकडून चकार शब्द नाही. बुधवारी मी तिच्या घरी धडकलो.

"ताई, उद्या बैठक आहे. पोरांना सांग, आजच आठवण करा."

"आठ दिवस झाले नाहीत."

"आठ दिवसांनी काय आठवण करायचीय? तोवर तुझं टेबल विकलेलं असेल!"

"पाचव्या दिवशी केली तर त्याला तगादा म्हणतात. माझ्या नोकरीसाठी मी पोरांना तगादा लावायला शिकवू?"

"एकदाच मोड ना नियम!"

"तू लहानपणापासून हेच म्हणत आलायस."

मी आशेनं भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, ताईनं त्यांच्याकडे मान वळवली. "माझ्याकडे विषय नाही," असं म्हणून ते पेपरामागे गेले.

गुरुवारी बैठक झाली. तास बंद. शनिवारी, बरोबर आठव्या दिवशी, सहावीचा दुसरा ईमेल गेला: 'आपण कामात असाल, म्हणून नम्रपणे आठवण करून देत आहोत.' सोमवारी उत्तर आलं. ना नमस्कार, ना विषय, ना नाव. 'बैठक झाली. ठीक.'

शेवटच्या तासाला मी तिचं सामान खोक्यात भरायला गेलो होतो. ताईनं ते उत्तर फळ्यावर लिहिलं आणि म्हणाली, "चुका सांगा."

हात भराभर वर झाले. नमस्कार नाही! विषय नाही! नाव नाही! मग पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "बाई, पण ठरलं काय तेच कळत नाही."

"तास बंद झाला, असं ठरलं. कळेल असं लिहून दाखवा."

वह्या उघडल्या. मग पेन्सिली चालू लागल्या. चष्मेवालीनं वही पुढे केली: 'प्रिय विद्यार्थ्यांनो, नमस्कार. तुमचे दोन्ही ईमेल मिळाले. ईमेलचा तास बंद करण्याचं ठरलं आहे. तुमच्या बाई उद्यापासून येणार नाहीत. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.'

ताईनं दहापैकी दहा दिले. कुणालाही साडेआठच्या वर कधी न देणारी बाई ती.

"बाई, बैठक कधी झाली?"

"गुरुवारी."

पोरीनं बोटांवर दिवस मोजले. "मग आम्ही बुधवारी आठवण केली असती तर?"

ताई फळा पुसायला वळली. पुसलेला फळा तिनं परत पुसला. मी खोक्यात उगाचच खडू रचत राहिलो.

चष्मेवालीनं वही मिटली. "चालेल बाई," ती म्हणाली, "मी आठ दिवस वाट पाहते." आणि खाली बसली.