मॅनेजरला काढलं, ते सगळ्यांना कळलं

रविवारी दुपारी दाते काकांच्या बेसमेंटमध्ये चहा घेत बसलो होतो... आणि टीव्हीवर एका माणसाची नोकरी गेली.

माणूस म्हणजे बेसबॉल टीमचा मॅनेजर, त्यांचा मुख्य कोचच. सीझन संपला, टीम पार आपटली, म्हणून त्याला काढलं. बिचारा स्वतःच माइकसमोर उभा राहून सांगत होता, हो, मला काढलंय. मी पटकन नवऱ्याकडे बघितलं.

आता सांगूनच टाकते. शिरीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी जूनमध्ये गेली. ले-ऑफ. आता ऑक्टोबर लागला, आणि हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

कुणाला सांगायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलं होतं. इथे परदेशातही, स्कारबरोत आमच्या एका रस्त्यावर इतकी मराठी घरं, की दिवसा ड्राइव्हवेत गाडी दिसली तर चौकशी आलीच. म्हणून शिरीष रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन लायब्ररीत जायचा आणि तिथे बसून अप्लाय करायचा. तो गेला की मी ओट्याशी उभी राहून रडून घ्यायची, मग तोंड धुऊन डेकेअरला कामावर.

भीती कशाची म्हणाल तर सगळ्याचीच... पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेणार, विंटर तोंडावर, मुलगी युनिव्हर्सिटीत. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नाही वाजला की त्याहून वाईट.

गणपतीत तर कहरच झाला. मंडळाच्या आरतीनंतर प्रसाद घेताना शिरीषच्या मित्राने, प्रशांतने, त्याला विचारलं, आमच्याकडे प्रोजेक्ट लीड हवाय, तुझ्या ओळखीत आहे का कोणी? अहो, अगदी शिरीषचंच काम! आणि हा म्हणाला, बघतो, सांगतो.

काय सांगणार होता, कपाळ? घरी आल्यावर गॅरेजमध्ये गाडी बंद करून किती तरी वेळ आतच बसून राहिला. मी दाराशी उभी होते... पण खरं सांगते, दार उघडून त्याच्याजवळ जायची मला भीती वाटली.

तर रविवार. दाते काका म्हणजे सत्तरच्या दशकात इथे आलेले डॉक्टर, आता रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटे. बेसबॉलचं भयंकर वेड. शिरीषलाही ते त्यांनीच लावलं, त्यामुळे सीझनभर रविवारी आमचा मुक्काम त्यांच्याकडेच.

टीव्हीकडे बघता बघता शिरीषने विचारलं, "काका, याला आता परत कोण घेणार हो?"

तो कुणाबद्दल विचारतोय ते मला कळत होतं. काकांना मात्र विषय मिळाला! ते खुशीत सांगायला लागले की अरे, बऱ्याच जणांना घेतात परत. पंचवीस खेळाडूंना हाकलता येत नाही, म्हणून एकाला हाकलतात, हे सगळ्या टीम्सना ठाऊक असतं. काही जण आधी दुसऱ्याच्या हाताखाली कोच होतात, एक पायरी खाली, मग वर येतात.

शिरीषने वयाचं विचारलं. काका म्हणाले, साठीच्या माणसालाही घेतात. मग ज्यांना नाही घेत त्यांचं काय, हेही त्याने विचारलं... मला वाटलं, नको रे, पुरे कर आता. काका म्हणाले, असतात तसेही. काहींना कुणी विचारतच नाही.

मी कप खाली ठेवला.

पण काकांचं संपलं नव्हतं. म्हणाले, "यांचं एक बरं असतं बघ. काढल्याचं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ज्याला माणूस हवाय त्याला कळतं, हा मोकळा झाला."

मग शिरीष एकदम, टीव्हीकडेच बघत म्हणाला, "काका, मलाही काढलंय. जूनमध्ये."

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, आता अरेरे, अरे बाप रे सुरू होणार. तसलं काही नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की कुणाकुणाला माहीत आहे. शिरीष म्हणाला, हिला, मुलीला, आणि आता तुम्हाला.

"मग बाबा, तुला घेणार कोण?"

मी तिथेच हमसून हमसून रडायला लागले. चार महिन्यांचं साचलेलं सगळं काकांच्या सोफ्यावर बाहेर आलं. काका उठून आत गेले आणि माझ्यासाठी टिश्यूचा अख्खा बॉक्स घेऊन आले.

घरी येऊन शिरीषने पहिला फोन प्रशांतला केला. ती जागा मागच्याच आठवड्यात भरली होती. प्रशांतला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. "माझ्यासमोर उभा होतास रे तू," एवढंच म्हणाला. शिरीषने फोन ठेवला आणि मला म्हणाला, आता तूच लिही, सगळ्यांना कळू दे.

म्हणून ही पोस्ट. शिरीषची नोकरी गेली आहे. बँकिंग सॉफ्टवेअर, प्रोजेक्ट लीड, अनुभव भरपूर. मॉन्ट्रियलला जायलाही तयार आहे, फ्रेंच शिकेन म्हणतो. एक पायरी खालचं कामही चालेल.

भीती गेलीय असं अजिबात नाही. हेही दोनदा पुसून परत लिहिलंय, कोण काय म्हणेल म्हणून... पण काका, तुमचे उपकार आहेत. तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही असेच घाबरून लपत राहिलो असतो.

कुठे जागा असेल, नुसती कुणकुण लागली तरी त्याला सांगा. दिवसा कधीही फोन करा. घरीच असतो.