पाळण्याच्या मॅटखाली

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगून राहिलो, ते मला विचारू नका. कालपासून एका जागी बसवत नाही. सकाळी दुकानात गेलो, शटर वर केलं, परत खाली ओढलं, घरी आलो. चहा मांडला, तो तसाच गार झाला. तर ऐका. मध्येच मी भलतीकडे गेलो तर जाऊ द्या — येतो परत.

आधी गाडीचं सांगतो. गाडीचं बोलायला मला सोपं जातं.

आमचं घर कामठ्याचं. धानाची शेती, घरामागे गाईंचा कोठा, दूध गोंदियाला जातं. मी धाकटा. माझं कुडव्याला वेल्डिंगचं दुकान — गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीची डागडुजी, असली कामं. मोठा भाऊ शेती पाहतो. गाई वहिनी पाहायची. पाहायची, म्हणतो मी. आता पाहत नाही.

गाई दिवसा शेतावर चरायला असतात. त्यांना काय, कळा आल्या की जिथं असतील तिथं बसतात — कधी धानाच्या बांधीतल्या चिखलात, कधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. मग ते ओलं, निसरडं वासरू घरी आणायचं कसं? आमच्याकडे एकच तऱ्हा होती. पोत्यात घालून खांद्यावर, नाहीतर मोटारसायकलवर मांडीत आडवं. त्याचं पोट दाबलं जायचं, ओली नाळ पोत्याला घासायची, आणि मागून गाय शिंगं खाली करून धावत यायची. एकदा आमचे बाबा वासरासकट धुऱ्यावरून घसरले. बाबा कपडे झटकून उठले. वासराचा पुढचा पाय मोडला, ते उठलं नाही. तेव्हा मी ठरवलं, गाडी करायची.

आणि केली. काय गाडी केली, तुम्ही पाहायला पाहिजे होती. जुन्या मोपेडची चाकं लावली, कारण हातगाडीची चाकं चिखलात रुतून बसतात. तळ इतका खाली ठेवला की वासरू उचलावंच लागू नये, नुसतं आत सरकवावं. चारही बाजूंनी जाळी, पण भोकं बारीक, खूर अडकू नये. गाईला वासरू दिसलं पाहिजे, हुंगता आलं पाहिजे, मग ती मारत नाही, गुमान मागं मागं येते. वर ताडपत्रीची झोळी, वासरू हिंदकळू नये म्हणून. खाली जाड रबरी मॅट, नट-बोल्टनं पक्की कसलेली. घट्ट. हलायचं नाव नाही.

ती मॅट लक्षात राहू द्या.

गावानं तिला पाळणा म्हणायला सुरुवात केली. बायका दारावरून जाता जाता म्हणायच्या, चला, यांच्या घरी पाळणा तर आला. वहिनीच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि घरात लेकरू नव्हतं. त्या जाणूनबुजूनच बोलायच्या. वहिनीनं काय करावं? तिनं पाळण्याच्या दांडीला एक घुंगरू बांधलं. म्हणाली, "बोलू दे ना, बाबू. माहे लेकरं याच्यातच येतात." मला ती बाबूच म्हणते, लग्न होऊन आली तेव्हापासून.

आमच्या घरची एक रीत आहे. वासरू खाली पडलं की त्याला पहिला हात घरच्या थोरल्या सुनेचा. तिनं नाकातोंडावरचा चिकटा पदरानं पुसायचा, मूठभर तणीस, धानाचा पेंढा, घेऊन अंग चोळायचं, नाळेला औषध लावायचं, आणि तोंडात बोट देऊन पहिला चीक पाजायचा. वहिनी हे असं करायची की पाहत राहावं. वासरू उभं राहायच्या आधी त्याला नाव मिळालेलं असायचं. गेंदा, चांदी, मोगरा. तिचं बोलणं ऐकलं की वासरं दूध सोडून तिच्याकडं पाहायची. माझ्या गाडीला गावात नाव मिळालं, ते निम्मं तिच्या हातचं होतं. हे मी तेव्हा बोललो असतो तरी काही बिघडलं नसतं. नाही बोललो.

मग एका वर्षी गावातल्या एकानं पाळणा मागून नेला. त्याच्याकडे वासरांना पांढरी हगवण लागली होती आणि एक आजारी वासरू टेम्पोपर्यंत न्यायचं होतं. काम झाल्यावर त्यानं पाळणा आणून माझ्याच हातात दिला. हगवणीचं वासरू होतं, हेही सांगितलं. मी पाइप घेतला, वरून पाणी मारलं. मॅट चमकायला लागली. मी पाळणा कोठ्यात नेऊन उभा केला.

आता खरं सांगतो. मॅटखाली पाणी जातं आणि अडकून राहतं, हे मला ठाऊक होतं. पहिल्याच पावसाळ्यात वास यायला लागला होता. मॅट काढून खालून धुवायची, तर बोल्ट गंजलेले, कापावे लागणार. आणि कापले असते तर लोक म्हणाले असते, काऊन बा, बनवतानाच चुकलं का? सगळ्यांना मीच सांगत फिरलो होतो ना, की नुसतं पाणी मारा, झालं. माझी गाडी चुकली, हे माझ्याच्यानं म्हणवलं नसतं. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

आमची वासरं मरायला लागली. पहिल्यांदा मोगरा. दूध सोडलं, पांढरं पातळ हगलं, डोळे आत गेले, आणि दोन-तीन दिवसांत खलास. त्याच्या पाठोपाठ दुसरं. मग आणखी एक. वहिनी कोठ्यातच बसून असायची, वासराचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं गूळ-मिठाचं पाणी पाजत. माय दारातून पाहायची आणि काही बोलायची नाही. मायचं न बोलणं फार वाईट.

मग गुरांचे डॉक्टर आले. नेमका त्याच वेळी कोहमाऱ्याकडचा एक जण अंगणात उभा होता, हातात टेप घेऊन, पाळण्याचं माप काढत. त्याला तसाच पाहिजे होता. आणि डॉक्टरांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, ही गाडी धुता का? मॅट काढून?

"हाव साहेब," मी म्हणालो. "दरवेळी. मॅट काढून, सोड्यानं."

किती सहज आलं ते तोंडातून. डॉक्टरांनी मान हलवली, पाळण्याकडे पाठ केली. मग पुढचं विचारलं — चीक कोण पाजतं, हात धुतलेले असतात का? डॉक्टर विचारणारच. त्यांचं ते कामच. पण मायनं त्यातला एकच शब्द उचलला.

"हात," माय म्हणाली. "मी कवाची मनात म्हणून राहिली. हात लागते पोरीचा. जिची कूस कोरडी, तिचा पहिला हात कायले पाहिजे?"

वहिनीनं भावाकडे पाहिलं नाही, मायकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बाबू, तू तं होता ना तिथं. मी हात धुतले होते ना?"

धुतले होते. कोपरापर्यंत. साबण मीच दिला होता. मोगराच्या वेळी मी पाळण्याची दांडी धरून तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पण तिचे हात धुतलेले निघाले असते तर डॉक्टर परत कुठं वळले असते? पाळण्याकडेच ना?

"मी लक्ष नाही दिलं, वहिनी," मी म्हणालो.

भाऊ रागावला वगैरे नाही. तो तसा माणूस नाही. त्यानं फक्त तिच्या हातातली चिकाची बकेट घेतली आणि मायकडे दिली. झालं. तेवढ्यावर वहिनीचा कोठा सुटला.

तुम्हाला वाटत असेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण थांबा, याच्यापुढचं वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरचे झोपले असताना, मी पाळणा कुडव्याला नेला. ग्राइंडरनं बोल्ट कापले आणि मॅट उचलली. खाली काय होतं ते सांगत नाही. मी ती दुकानाच्या मागं ओढत नेली. मॅट जाळली, तळ घासून घासून धुतला, पाणी निघून जायला उतार दिला, आणि नवी मॅट हुकावर बसवली, हातानं निघेल अशी. घरी सांगितलं, वेल्ड सुटला होता, मारून आणला. मला वाटलं, झालं, मी सुधारलं. आता वासरं जगतील आणि सगळे विसरतील.

वासरं जगली. पुढचं जगलं, त्याच्या पुढचंही जगलं. आणि सगळे काय म्हणाले असतील? माय खरवसाच्या वाट्या घेऊन घरोघरी गेली आणि सांगून आली — पाहा, सुनेचा हात बंद केला, वासरं वाचली. मी जे लपून दुरुस्त केलं, तोच तिच्यावरचा पुरावा झाला. गावात कोणाला काही शंका राहिली नाही. एक वाटी वहिनीच्याही पुढ्यात ठेवली होती. तिनं ती उचलून माझ्या बायकोला दिली, आणि शेण काढायला गेली.

तेव्हा बोलायचं होतं. त्याच दिवशी, वाटी हातात असताना. नाही का?

तेव्हापासून ती चारा कापते, शेण काढते, पाणी भरते, पण एखादी गाय अस्वस्थ होऊन उठबस करायला लागली की वहिनी आपणहून कोठ्याबाहेर पडते. कोणाला सांगावं लागत नाही. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गावातल्या बायका वासरांना ओवाळतात, तेव्हा ही सगळ्यांच्या मागं उभी असते, दोन्ही हात पदरात गुंडाळून. घुंगरू तिनंच सोडून ठेवलं. आणि माय गेली तरी काही बदललं नाही. मला वाटलं होतं, माय गेल्यावर बदलेल. म्हणजे मी मायच्या जाण्याची वाट पाहत होतो की काय? पाहत होतो.

मी आता पाळणे विकतो. देवरीपासून तिरोड्यापर्यंत माझे पाळणे आहेत. गिऱ्हाईक आलं की मी मॅट काढून दाखवतो आणि ओरडून सांगतो, अरे, खालून धुवा, खालून, वरून पाणी मारून भागत नाही, वासरू मरते. ते हसतात. म्हणतात, भाऊ फार कळकळीचा माणूस आहे. मी हे सगळ्या जिल्ह्याला सांगितलं, एक आमचं घर सोडून.

आता कालचं.

काल भाऊ गोंदियाला गेला होता. माझी बायको माहेरी. वहिनी एकटीच शेतावर गवत कापत होती. मला दुकानात तिचा फोन आला. "बाबू, चांदीची पोर वेली धुऱ्यावर. पहिलारू आहे, वासराले चाटून नाही राहिली. पाळणा घेऊन ये लवकर." मी म्हणालो, आलो. मोटारसायकलला किक मारली. फोनवर मला दोनच शब्द बोलायचे होते — हात लाव. मी तिला तेही बोललो नाही. सुचलंच नाही असं म्हणू? सुचलं होतं.

घरून पाळणा ओढत शेतावर पोहोचलो. गाय एका बाजूला थरथरत उभी, तिला आपलं काय झालं तेच कळत नव्हतं. वासरू वहिनीच्या पायाशी पडलेलं. कालवड होती, पांढरी, कपाळावर तांबडा ठिपका. जन्मताना अंगावर येतो तो पातळ पडदा तिच्या नाकातोंडावर तसाच होता. बोटानं फाटतो तो. लहान पोरालाही फाडता येतो. वहिनीनं दुरून बाटलीतलं पाणी शिंपडलं होतं, गवत ओलं झालं होतं. गाईला हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता. आणि तिचे दोन्ही हात पदरात होते, गाठ मारल्यासारखे.

मी पडदा फाडला. मागचे पाय धरून वासरू उलटं केलं, नाकात तणसाची काडी घातली, छाती चोळली, तोंडात फुंकलं. अंग अजून गरम होतं. काही झालं नाही. पुष्कळ वेळ मी चोळतच राहिलो.

वहिनी रडत होती, पण घाबरलेली नव्हती. ती माझ्यासमोर आली, पदरातून हात काढले आणि माझ्यापुढं पसरले. कोरडे, हिरवट, गवताचे. म्हणाली, "देख बाबू. मी हात नाही लावला. अजिबात नाही लावला. हे माह्यानं नाही झालं."

शेतात दुसरं कोणी नव्हतं. माय नाही, भाऊ नाही, डॉक्टर नाही, टेप घेतलेला माणूस नाही. पाळणा बाजूलाच उभा होता, मॅट स्वच्छ, हुकावर बसवलेली. मी वर पाहिलं.

"बरं केलं, वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि डोळे पुसले. तिला हायसं वाटलं. ते मला दिसलं.