न वाजलेली बासरी

विजेचे मीटर तपासत हिंडणाऱ्या माणसाने थोडंफार संशयी असावं, त्याशिवाय चोरी सापडायची कशी? पण हा गडी घरी आल्यावरही ड्यूटीवरच असे. दूधवाला हसला तरी याच्या मनात पाल चुकचुकायची. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत, आणि हे नाव कुणी पाडलं याबद्दलही त्याचा तिघांवर संशय होता.

मोकळा वेळ तो आपल्या संगीताच्या वेबसाइटला द्यायचा. तिथे ट्रॅकर नावाच्या जुन्या पद्धतीने रचलेल्या धुना होत्या. त्यांच्या फायलीत गाणं रेकॉर्ड केलेलं नसतं. वाद्यांचे छोटे तुकडे असतात आणि कोणता तुकडा कधी, कसा वाजवायचा याच्या सूचना. त्या वाचून ब्राउझरमध्येच धून वाजवणारा प्लेअर त्याने स्वतः लिहिला होता. जगात एवढ्या एकाच गोष्टीवर त्याने कधी शंका घेतली नाही.

मेहुण्याशी बिनसलं ते याच प्लेअरपायी. दोघांनी मिळून एक धून रचली होती, ताल याचा आणि बासरी मेहुण्याची. मेहुण्याने शेवटचा हात फिरवून फाइल पाठवली. साइटवर लावली, तर मधली बासरी गायब आणि ताल आपला एकटाच टकटकतोय. ऐकणाऱ्यांनी टर उडवली. मेहुणा म्हणाला, माझ्याकडे छान वाजते. झालं! चांगली फाइल स्वतःकडे ठेवून मेहुण्याने आपलं हसं करायला नासकी पाठवली, असं शंकासुराने ठरवून टाकलं. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. बायकोचा एकुलता भाऊ तिच्या दारात पाऊल टाकेनासा झाला. ती भांडली नाही. भावाशी बोलायला फोन घेऊन गच्चीवर जायची, आणि खाली आली की हा तिचा चेहरा न्याहाळत बसायचा.

पुढे नव्या फोनांवर तो प्लेअर चालेना. लेक वेबसाइटचीच कामं करायची. ती म्हणाली, आता नवा बसवूया. याने नाइलाजाने पासवर्ड दिला आणि तिच्या खुर्चीमागे पहारा देत उभा राहिला. प्लेअर बसला. लेकीने पहिली लावली ती नेमकी मामाची धून. इथेच याला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

ताल सुरू झाला, आणि मधल्या रिकाम्या जागेत बासरी आली.

"फाइल बदललीस," तो म्हणाला. "मामाने दिली ना?"

"तीच आहे, बाबा. तपासा की."

त्याने मीटरचं सील तपासावं तशी ती तपासली. तारीख जुनीच. मग ज्या कपाटाची किल्ली फक्त त्याच्याकडे असायची, त्यातली जुनी डिस्क काढली. तिच्यावरची फाइलही नव्या प्लेअरवर तशीच वाजली. लेकीने दाखवलं, बासरीच्या प्रत्येक सुराला 'किंचित थांबून वाजव' अशी सूचना होती. जुन्या प्लेअरला ती कळतच नव्हती, म्हणून तो ते सूर गाळत होता. याने स्वतःच्या धुनांत ती कधी वापरलीच नव्हती, त्यामुळे पत्ता लागला नाही.

आता संशय घ्यायला कुणी उरलं नाही. बासरी फार गोड होती. त्याला लाज वाटली, आणि दारात येऊन उभी राहिलेली बायको दिसल्यावर भीतीही. त्याने फोन लावला.

"भाऊजी?" तिकडचा आवाज सावध होता. "आज काय काढलंत?"

"तुझी बासरी ऐकली. खोट माझ्या प्लेअरमध्ये होती." मग राहवलं नाही. "पण तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. प्लेअर एकदा बघा म्हटलं, तर तुम्ही फोन आपटलात."

ते खरं होतं, आणि त्याला ते चांगलं आठवतही होतं.

"घरी ये," तो कसंबसं म्हणाला.

मेहुणा म्हणाला, "ताईला द्या."

बायको फोन घेऊन सवयीने जिन्याकडे निघाली, दोन पायऱ्या चढली, आणि परत फिरून त्याच्या समोर येऊन बसली.

"हां, बोल," ती भावाला म्हणाली. "इथेच आहेत. ऐकू देत."

इतकी वर्षं ते बोलणं कानावर पडावं म्हणून तडफडलेला तो माणूस उठला आणि स्वतःच गच्चीवर निघून गेला.