मावशी, फोटोत येताय

"मावशी, तुमी फोटोत येताय. जरा बाजूला उभ्या ऱ्हावा. आन् ह्या चपला धरा, ष्टेजवर दिसाया नकोत."

फोटोग्राफर हे माझ्या आईला म्हणाला, मी स्टेजवर चढायच्या आधी. माझ्याच साखरपुड्यात. नगरच्या बाहेर एका भाड्याच्या लॉनवर, भर दुपारी. आईनं चपला उचलल्या. दोन हातांत दोन जोड. मग ती जनरेटरच्या मागं जाऊन उभी राहिली. कुठं उभं राहायचं हे तिला कुणी दाखवावं लागलं नाही.

स्टेजवर माझी आई म्हणून दुसरीच बाई उभी होती. पैठणी, नथ, भरलं अंग, गोरा रंग. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. ती व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या सरांची मेहुणी. तिच्या शेजारी फेटा बांधून सरांचे साडू, ते माझे वडील. आईच्या हातातल्या चपला या दोघांच्या होत्या.

माझे खरे वडील गेटपाशी होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एका संस्थेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर वॉचमनकी केली. लॉनवर आलेल्या कुणीतरी त्यांना विचारलं, "गाडी कुठं लावू?" आबा हात हलवून जागा दाखवायला लागले. त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी आबांनीच लावली.

हे कसं घडलं ते सांगते.

मी नर्स आहे. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची ख्रिस्ती गल्ली. आजोबांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही देवळात रांगेत बाकावर बसतो, ते देऊळ म्हणजे आमचं चर्च. पण गावाच्या तोंडी ती गल्ली अजून महारवाडाच आहे. आई खुरपायला जाते. अजूनही जाते, मी नको म्हटलं तरी.

मस्कतच्या एका हॉस्पिटलात मी नोकरी केली. तिथं कॅलम भेटला. स्कॉटलंडचा, फिजिओथेरपिस्ट. पाय मोडलेल्या माणसाला उभं करताना तो त्याच्याशी असा बोलायचा की मी औषधं द्यायची थांबून ऐकत राहायचे. त्याची आई आजारी पडली आणि तो मायदेशी परतला. जाण्याआधी आमच्या गावी येऊन त्यानं मागणी घातली. दारात पत्र्याचा मांडव टाकला. पाळकांनी प्रार्थना केली. आम्ही अंगठ्या घातल्या, एकमेकांना बायबल आणि गायनाचं पुस्तक दिलं. आईनं त्याला साखर भरवली. तिनं मूठ भरून घेतली होती, अर्धी साखर त्याच्या दाढीत सांडली आणि सगळी गल्ली हसली. कॅलमची आई तिकडून मोबाईलवर हे बघत होती. माझ्या चुलत भावानं मोबाईल वर धरला होता.

मग त्याच्याकडं जायला, होणाऱ्या नवरीसाठी असतो तो व्हिसा मागितला. नाकारला. पत्रात एवढंच होतं की हे नातं खरं असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली नाही.

नाकारलं गेल्यावर आमचं बोलणंच बदललं. आधी आम्ही घर कसं असेल यावर बोलायचो. आता दर रविवारी उपासना सुटली की मी चर्चच्या मागच्या लिंबाखाली फोन घेऊन बसायचे आणि आम्ही पर्याय मोजायचो. हे नाही झालं तर ते, ते नाही झालं तर आणखी काय. प्रेमात पडलेली माणसं असं बोलत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी कॅलम म्हणाला, एखाद्या जाणकाराला विचार. मी नगरला सरांच्या ऑफिसात गेले.

सर श्रीगोंद्याकडचे. घरची उसाची बागायत, बोलणं गोड. माझी फाईल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला.

"ख्रिश्चन म्हणजे मूळचे कोण तुम्ही?"

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न चुकत नाही. शाळेत विचारतात, भाड्याची खोली बघायला गेलं की विचारतात. मी सांगितलं. सरांनी मान हलवली. रोग सापडल्यावर डॉक्टर हलवतात तशी.

मग त्यांनी पर्याय मांडले. पहिला, हाच व्हिसा पुन्हा मागायचा, पण भक्कम पुरावे लावून. दुसरा, इथं नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं आणि बायको म्हणून अर्ज करायचा. तिसरा, मी नर्स म्हणून तिकडची परीक्षा द्यायची आणि स्वतःच्या बळावर जायचं. चौथा, दोघांनी पुन्हा आखातात नोकरी धरायची. सगळं नीट समजावलं, त्यात खोट नव्हती.

मी विचारलं, "आणि तो इकडं आला तर?"

सर हसले. आतल्या खोलीतल्या बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? गोरा शेवगावला नांदायला येणार म्हणे." त्याही हसल्या. ऑफिसात बसलेली दोन पोरं हसली. मीही हसले. तो पर्याय तिथंच मेला.

नंतर त्यांनी साखरपुड्याचे फोटो पाहिले. साखर भरवतानाचा फोटो त्यांनी टेबलावर सरकवला आणि आईच्या तोंडावर बोट ठेवलं.

"कागदपत्रं ठीक आहेत. पण हा चेहरा बघून ऑफिसर दोन मिनिटांत फाईल बंद करणार. त्याला वाटणार, पोरगी इथून सुटायला लग्न करतीय. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं."

बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मी त्या बोटाकडं बघत राहिले. अंगठीतला खडा आईच्या कपाळावर आला होता. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली की हा माणूस खरं बोलत असेल.

"कॅलम पुन्हा येईल तेव्हा चांगल्या ठिकाणी साखरपुडा मांडून नवीन फोटो काढू. पुरावा म्हणून," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मला वाटलं, लॉन असेल, फुलं असतील. आईला मी मोरपंखी साडी घेतली. तिनं ती घडीवरून हात फिरवून पेटीत ठेवली, त्या दिवसासाठी. बाकीचं सरांनी परस्पर आबांना फोनवर सांगितलं. आबा "व्हय साहेब" म्हणाले. घरात कुणाशी बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसरा शब्द वापरलेला नव्हता, त्या दिवशी तरी कुठून आणणार.

म्हणून मला कळलं ते स्टेजवर चढल्यावर.

सरांच्या बायकोनं माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. कॅलमच्याही कपाळावर लांबलचक नाम ओढला. मेहुणीनं तबक घेऊन आम्हाला ओवाळलं. माझ्या फाईलमध्ये पाळकांचं पत्र होतं, बाप्तिस्म्याचा दाखला होता. मी सरांना म्हटलं, आमच्यात ओवाळत नाहीत. ते म्हणाले, "तिकडच्या ऑफिसरला इंडियन वाटलं पाहिजे." पाळकांना कुणी बोलावलंच नव्हतं.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"आहेत ना," सर म्हणाले, आणि मेहुणीकडं बोट दाखवलं.

मग मला जनरेटरच्या मागं मोरपंखी पदर दिसला.

लहानपणी मी हाच पदर असाच पाहिलेला आहे. रंग वेगळा होता, एवढंच. गावातल्या बड्या घरचं लग्न असलं की आमच्या गल्लीला बोलावणं यायचं. आबा कौतुकानं सांगायचे, "साहेबांनी आठवनीनं बोलावलंय." आम्ही मांडवाच्या मागं उभे. सगळं गाव जेवून उठलं की आमची पंगत. मला भूक लागलेली असायची आणि आई म्हणायची, थांब, आपलं मागनं. आई तोपर्यंत उष्ट्या पत्रावळ्या उचलायची, कुणी सांगितलं नसताना. मी तिचा पदर धरून असायचे. तेव्हा ती शिकलेली जागा ती विसरली नव्हती.

आणि इकडं लॉनवर त्याच वेळी स्टेजवर व्हिडिओ कॉलसाठी मोठा पडदा लावत होते. त्यावर कॅलमची आई आली. तिकडून, तिच्या पलंगावरून. अंगात जुना स्वेटर, केस विस्कटलेले, आजारानं तोंड सुकलेलं, नाकाखाली नळी. फोटोग्राफर ओरडला, "गोऱ्या आजी मधी घ्या, मधी घ्या. लई भारी येतंय." पडदा उचलून मधोमध आणला. तिला कुणी म्हणालं नाही की हा चेहरा बघून फाईल बंद होईल. हजारो मैलांवरून ती फोटोत मधोमध, आणि माझी आई चाळीस पावलांवर लोकांच्या चपला धरून.

मी कॅलमला इंग्रजीत विचारलं, तुला हे माहीत होतं का?

तो म्हणाला, "सरांनी काल सांगितलं. इथं असंच करतात म्हणाले. फोटोच तर आहेत."

फोटोच तर आहेत. खोटी आई उभी करून आमचं नातं खरं असल्याचा पुरावा.

मी खाली उतरले. आईच्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि तिथंच टाकल्या. तिचा हात धरला. म्हटलं, चल वर.

आई हलेना. "नको बाई. काम हू दे तुजं. मी काय, मागनं जेवीन."

"आई, चल."

"तू तिकडं गेलीस की सुटशील. आमच्यापायी आडकू नगं."

तिचा मला राग आला. सरांच्या बोटाचा आला होता त्यापेक्षा जास्त. ज्यानं तिला बाजूला केलं त्याच्याच बाजूनं ती बोलत होती, आणि मनापासून बोलत होती. सर म्हणाले होते पोरगी सुटायला लग्न करतीय. माझी आईही तेच म्हणत होती. कुणापासून सुटायचं होतं मी? तिच्यापासून?

सर आले. आवाज खाली, गोड. "मॅडम, इमोशनल होऊ नका. हा प्रोसेसचा भाग आहे. तुम्हाला जायचंय ना तिकडं?"

"हिला मागं उभी करून न्हाई जायचं," मी म्हणाले. गावच्या बोलीत आलं तोंडातून. बरंच झालं.

"मग बसा शेवगावात," सर म्हणाले. तेव्हा आवाज गोड नव्हता.

पदरानं मी कपाळ पुसलं. गेटपाशी जाऊन आबांना म्हटलं, चला. ते एका गाडीला मागं घेत होते. "एवढी लावतो," म्हणाले. मी त्यांचा हात धरून खाली केला. आम्ही तिघं रस्त्यावर आलो आणि काळीपिवळी जीप धरली. कॅलम मागून धावत आला. त्याच्या कपाळावर ते लाल तसंच होतं. तो पोचायच्या आत जीप निघाली.

परत जायच्या आधी तो घरी आला. आईची माफी मागितली, मी अर्थ सांगितला. आई म्हणाली, "जाऊ द्या." मी जाऊ द्या म्हटलं नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं. लग्न इथं होईल. नगरच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस लागेल, तिच्यावर माझ्या गल्लीचा पत्ता असेल. ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. साक्षीला आई, आबा आणि चुलत भाऊ असतील. आई सही शिकली नाही, ती अंगठा देईल. मग आम्ही बायको म्हणून व्हिसा मागू, जे आहोत ते दाखवून. दिला तर दिला. नाही दिला, तर तू इकडं यायचं. पोलीस कार्यालयात परदेशी माणूस म्हणून नाव नोंदवायचं आणि आमच्या गल्लीत राहायचं, माझा नवरा म्हणून. सर ज्याला हसले, मी ज्याला हसले, तो पर्याय. इतके महिने आम्ही देश मोजले. त्या मोजणीत माझं घर आम्ही धरलंच नव्हतं.

कॅलम म्हणाला, मला विचार करायला वेळ दे.

म्हटलं, घे. माझा विचार झालाय.

अंगठी काढून मी पेटीत ठेवली आहे, मोरपंखी साडीच्या घडीत. त्याचा फोन अजून आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. बायको म्हणून करायचा अर्ज मी आतापासूनच भरायला घेतला आहे, आणि पुराव्यात सगळ्यात वर साखर भरवतानाचा फोटो लावला आहे, मोठा करून. आई मधोमध आहे. उन्हानं रापलेली, तोंड उघडं, मूठ साखरेनं भरलेली. ज्याला ती नडेल त्यानं फोटोतून बाजूला व्हावं. तो कॅलम असला तरी.