कॅलेंडरमागची टाइल

हार्लिंगेनचा विबे जन्मभर टाइलवर म्हणी रंगवत आलाय. आमच्याकडे माणसं तोंडावर बोलायला कचरत नाहीत, पण तीच गोष्ट रोज ऐकवायची असेल तर विबेच्या दुकानात येतात. स्वतःसाठी म्हण कुणीच नेत नाही. सासू जावयासाठी नेते, जावई सासूसाठी.

एकदा त्याची बायको चित्स्केच गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली.

"हट्टीपणावरची दे."

"कुणासाठी?"

"नवऱ्यासाठी. खाली नाव घाल त्याचं."

"वाचेल का तो?"

"संडासात लावणार आहे. जातो कुठे?"

विबेनं टाइल रंगवली, भाजली आणि स्वतःच्या हातानं संडासात बसवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलं. ते इथे प्रत्येकाच्या संडासात असतंच, त्यामुळे चित्स्केला बोलायला जागा उरली नाही. त्यात वार नसतात, म्हणून ते कधी बदलावंही लागत नाही.

काल विबेचा वाढदिवस होता. आम्ही शेजारी गोल करून बसलो. कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला. मी संडासात गेलो आणि राहवलं नाही म्हणून कॅलेंडर उचललं. मागे एक नाही, दोन टाइल होत्या. म्हण तीच. एकीवर विबेचं नाव, दुसरीवर चित्स्केचं.

बाहेर आलो तर चित्स्के दारातच उभी.

"कॅलेंडर होतं तसं टांगलंस ना?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं झाली, त्याला वाटतंय मी अजून उचलून बघितलेलं नाही."